पगारातले दोनशे रुपये आणि बहात्तरचा दुष्काळ

महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर सॅलरी स्लिप उघडा आणि कपातीचा रकाना बघा. पीएफ, इन्कम टॅक्स यांच्या गर्दीत एक छोटी ओळ असते: पी. टी., २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे, म्हणजे वर्षाचे बरोबर २५००. माझ्या टीममध्ये सोळा जण आहेत. हा कर कसला, असं मी एकदा जेवताना विचारलं तर तिघांनी ‘प्रॉपर्टी टॅक्स’ असं उत्तर दिलं. एकाने ‘पर्सनल टॅक्स’ म्हणून नवीनच कर शोधून काढला. बाकीच्यांनी मान वर केली नाही, कारण दोनशे रुपयांत हल्ली पिझ्झाही येत नाही.

पी. टी. म्हणजे प्रोफेशन टॅक्स, मराठीत व्यवसाय कर. तो महाराष्ट्रात १ एप्रिल १९७५ ला सुरू झाला आणि सुरू झाला तेव्हा त्याच्यावर एका कामाचं नाव लिहिलेलं होतं. शहरातल्या पगारदारांकडून थोडे थोडे पैसे घ्यायचे आणि त्यातून खेड्यात जो मागेल त्याला काम द्यायचं. कर कमी करावेत की सरकारने खर्च वाढवावा, यावर दर बजेटच्या दिवशी आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर जी हाणामारी होते, तिच्यासाठी आपल्याच राज्याच्या इतिहासात इतका चांगला मालमसाला पडलेला आहे आणि आपण अमेरिकेच्या रेगनची उदाहरणं देत बसतो, याचं मला नवल वाटतं.

गोष्ट सुरू होते दुष्काळापासून. १९७० ते १९७३ अशी सलग तीन वर्षं राज्यात पावसाने दगा दिला आणि १९७२ साली कळस झाला. त्या वर्षी धान्याचं उत्पादन नेहमीच्या निम्म्याहूनही खाली गेलं. नगर, सोलापूर, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, साताऱ्याचा आणि सांगलीचा पूर्व भाग, पुण्याची कोरडी बाजू, सगळं वाळून गेलं. सरकारने दुष्काळी कामं काढली. खडी फोडायची, रस्ते करायचे, पाझर तलाव खोदायचे, नाल्यांना बांध घालायचे. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास होती. म्हणजे तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे धरले तरी दर दहा माणसांमागे एक माणूस सरकारी कामावर. ज्याँ द्रेझ या अर्थतज्ज्ञाने या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. धान्याची एवढी तूट पडूनही १९४३ च्या बंगालसारखा मृत्यूचा तांडव इथे झाला नाही, याचं मोठं श्रेय तो या कामांना आणि त्यांतून हातात पडलेल्या मजुरीला देतो. गुरं मात्र फार मेली. लोक अर्धपोटी राहिले.

माझी आजी माण तालुक्यातली. तिच्या बोलण्यात ‘बहात्तर’ हा आकडा सालासारखा येत नाही, एखाद्या माणसासारखा येतो. बहात्तर आला, बहात्तर गेला. रेशनवर मिळणारा तांबडा मिलो, ज्याची भाकरी थापताना फुटायची. कामावर पोरांना मिळणारी सुकडी. ओढणीची नव्हे, पदराची चुंबळ आणि तिच्यावर पाटी. मी तिला एकदा विचारलं, की सरकारने तेव्हा नुसते पैसे वाटले असते तर बरं झालं नसतं का? तिचं उत्तर, “फुकाट कोन घेतंय? आमी खडी फोडली, आठवड्याला पगार घेतला. कुनाच्या दारात न्हाई गेलो.” पगार हाच शब्द ती वापरते. मी माझ्या कमाईला वापरतो तोच.

हे फार हळवं होऊ नये म्हणून लगेच सांगतो: त्या कामांत गोंधळही भरपूर होता. जी खडी फोडली तिचे पुढे रस्ते झालेच असं नाही. कित्येक ठिकाणी खडीचे ढीग वर्षानुवर्षं तसेच पडून होते. मस्टरवर खोटी नावं होती. आणि नेमका याच अनुभवातून एक प्रश्न पुढे आला, की दुष्काळ पडल्यावर धावत सुटण्यापेक्षा काम ही गोष्ट कायमचीच हमीची का करू नये?

ही कल्पना दुष्काळाच्या आधीची आहे. वि. स. पागे हे तिचे जनक मानले जातात. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं विसापूर हे त्यांचं गाव. गांधीवादी, स्वातंत्र्यसैनिक आणि १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती. साठच्या दशकात त्यांनी आपल्या भागातच याचा प्रयोग करून पाहिला. आमच्या भाषेत सांगायचं तर थेट प्रॉडक्शनला न ढकलता आधी पायलट केला. ग्रामीण मजुराला लागेल तेव्हा काम मिळालं आणि त्या कामातून जमिनीत पाणी मुरलं, तर पुढच्या वर्षी त्याला कमी दिवस काम मागावं लागेल, असा साधा हिशेब. १९७२ मध्ये वसंतराव नाईकांच्या सरकारने योजना राज्यभर जाहीर केली आणि लगेच दुष्काळाने तिला गिळून टाकलं. दुष्काळ सरल्यावर ती पुन्हा उभी करायची वेळ आली तेव्हा खरा प्रश्न समोर आला. पैसे कुठून आणायचे?

त्याच वर्षांत दिल्लीत काय चाललं होतं ते बघण्यासारखं आहे. १९७३-७४ साली भारतात प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. आकडा चुकून छापलेला नाही. वर्षाला दोन लाखांच्या वर कमावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याकडे राहायचे. अशा दराने प्रामाणिकपणे कर कोण भरणार? न्यायमूर्ती वांच्छू यांच्या समितीने १९७१ मध्येच सांगितलं होतं, की हे चढे दरच काळ्या पैशाला खतपाणी घालतात. १९७४ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी हा दर एका फटक्यात ७७ टक्क्यांवर आणला. ते अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण.

म्हणजे १९७४ मध्ये दिल्लीत बसलेल्या कराडच्या माणसाने श्रीमंतांचा कर वीस टक्क्यांहून जास्त उतरवला आणि १९७५ मध्ये मुंबईत त्याच पक्षाच्या राज्य सरकारने नोकरदारांवर नवा कर बसवला. आजच्या चर्चेच्या साच्यात बसवायला गेलो तर एक निर्णय ‘उजवा’ आणि दुसरा ‘डावा’ ठरेल, आणि आपल्याला यांपैकी एकाची बाजू घ्यावी लागेल. मला दोन्ही निर्णय बरोबर वाटतात. ९७.७५ टक्क्यांचा दर मूठभरांना लागू होता, त्यातून दरारा जास्त आणि पैसा कमी निघत होता. तो खाली आणण्यात गरिबाचं फारसं नुकसान नव्हतं. उलट महिन्याला वीस रुपयांच्या आसपासचा कर लाखो लोकांकडून, पगारातूनच कापून, न चुकवता येईल अशा तऱ्हेने घेतला तर खरी रक्कम उभी राहते. कर चढा असणं आणि कर भरपूर जमा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाइपाचा व्यास आणि त्यातून येणारं पाणी यांतला फरक.

वीस रुपयेच का, तर राज्याचे हात बांधलेले होते. संविधानाच्या २७६ व्या कलमानुसार राज्यांना व्यवसायांवर कर लावता येतो, पण एका माणसाकडून वर्षाला जास्तीत जास्त २५० रुपये. या आकड्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

व्यवसाय कर एकटा नव्हता. विक्रीकर, मोटार वाहन कर, बागायत जमीन, शहरांतल्या राहत्या नसलेल्या इमारती अशा ठिकाणी रोजगार हमीसाठी जादा भार लावला गेला. या सगळ्यांतून जेवढी रक्कम येईल तेवढीच राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं. शहरी माणसाने एक रुपया दिला की सरकारचा एक. मग १९७७ मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी कायदा झाला, विधिमंडळात एकमताने, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातल्या कुठल्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं तर पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता किती, तर दिवसाला एक रुपया. पण तो सरकारने देणं लागतं, उपकार म्हणून नाही. दिवसांची मर्यादा नव्हती. पुढे २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा झाला त्यात वर्षाला प्रत्येक कुटुंबामागे शंभर दिवस आले. आपला मूळ कायदा त्यापेक्षा सैल हाताचा होता.

आता माझ्यासारख्याच्या मनात येणारा रास्त प्रश्न. मुंबईच्या गिरणीतल्या किंवा बँकेतल्या माणसाने दहिवडीच्या पाझर तलावाचे पैसे का भरावेत? आणि तेही कशा वेळी! १९७२ मध्येच मुंबईत महागाईविरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. तेलाला, साखरेला पैसे पुरत नव्हते. अशा मध्यमवर्गावर तीन वर्षांत नवा कर लावणं राजकीयदृष्ट्या वेडेपणाच वाटायला हवा होता.

रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स या अभ्यासकांनी १९८३ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या रोजगार हमीवर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ही योजना टिकली कारण ती फक्त गरिबांच्या फायद्याची नव्हती. पाझर तलाव झाला की खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी चढतं आणि विहिरी असतात बागायतदाराच्या. रस्ता झाला की ऊस कारखान्यावर लवकर पोचतो. मजूर गावातच राहिला तर हंगामात हाताशी मिळतो आणि मोर्चेही कमी निघतात. शहरवाल्यांचा हिशेब तर दुष्काळाने डोळ्यांसमोरच मांडला होता. खेड्यात काम नसेल तर माणूस मुंबईच्या फुटपाथवर येतो. म्हणजे प्रत्येकाने आपापल्या सोयीचं काहीतरी या योजनेत पाहिलं. काही जणांना हे वाचून योजनेचा मोठेपणा कमी झाल्यासारखं वाटतं. मला उलट वाटतं. कराचा पैसा निव्वळ दयेवर दहा वर्षंही चालत नाही.

पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर जो अभ्यास लिहिला, त्यात जवळपास हीच गोष्ट राष्ट्रीय पातळीवर मांडलेली होती. गरिबांना सार्वजनिक कामांवर मजुरी द्या आणि त्यासाठी वरच्या दहा टक्के लोकांच्या उपभोगाला कात्री लावा. त्या अभ्यासावर वाद भरपूर झाले. देशाने तेव्हा तसं काही केलं नाही. एका राज्याने केलं, तेही छोट्या कात्रीने.

केलं ते चाललं का? १९७९-८० मध्ये योजनेखाली वर्षाला वीस कोटी मनुष्यदिवसांचं काम निघालं होतं. कामावर बायकांचं प्रमाण मोठं होतं, कारण मजुरी पुरुषाइतकीच होती आणि काम गावाजवळ होतं. १९९० नंतर याच पैशातून शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात फळबाग लावून देण्याची योजना निघाली. आज महाराष्ट्रात कोरडवाहू पट्ट्यात दिसणारी डाळिंबं, बोरं, सीताफळं, कोकणातली कितीतरी आंब्याची कलमं यांच्या मुळाशी रोजगार हमी आहे. बाजारात पेटी विकत घेताना कुणी हे सांगत नाही.

चुकलंही बरंच. १९८८ मध्ये शेतमजुरांचं किमान वेतन दुपटीने वाढलं आणि त्याला जोडलेली रोजगार हमीची मजुरीही वाढली. आता खर्च फुगू नये म्हणून यंत्रणेने काय केलं? कामंच कमी काढली. कायद्यात हमी तशीच होती, फक्त मागायला गेलेल्या बाईला ‘सध्या काम नाही, नंतर ये’ असं सांगितलं जायचं. अर्ज घेतलाच नाही तर पंधरा दिवस मोजायला सुरुवातच होत नाही आणि भत्ताही लागू होत नाही. सिस्टिम न मोडता सिस्टिम बंद कशी पाडायची याचा हा नमुना आहे. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी आकडेवारीतून ते दाखवूनही दिलं.

गंमत म्हणजे त्याच १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने व्यवसाय कराची मर्यादा २५० वरून २५०० झाली. पुढच्या काळात एकीकडे शहरांत पगारदार वाढले, कर वाढला आणि दुसरीकडे कामं कमी. रोजगार हमीच्या नावाने जमा झालेला पैसा सगळा रोजगार हमीवर खर्च होईना. कागदावर निधी वेगळा, प्रत्यक्षात पैसा एकाच तिजोरीत आणि सरकार ती उघडून इतर गरजा भागवणार. विशिष्ट कामासाठी वेगळा कर लावू नये असं सांगणाऱ्या अर्थतज्ज्ञांची ही नेहमीची तक्रार असते, की नाव काहीही द्या, पैशाला वास नसतो. ती तक्रार इथे खरी ठरली. करकपातीच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या मित्रांचा सगळ्यांत भक्कम मुद्दाही हाच आहे, आणि तो मी उडवून लावणार नाही. ज्यासाठी घेतलं त्यासाठी खर्च करणार नसाल तर घेता कशाला?

पण मग करकपात झालेलीच आहे हेही त्यांनी बघावं. २७६ व्या कलमातला तो आकडा आठवा. आमच्याकडे कोडमध्ये अशी संख्या थेट लिहून ठेवली की रिव्ह्यूमध्ये शिव्या बसतात, कारण परिस्थिती बदलते आणि संख्या तिथेच राहते. संविधानात १९५० मध्ये २५० लिहिलं, ते बदलायला अडतीस वर्षं गेली. १९८८ मध्ये २५०० लिहिलं, ते अजून तसंच आहे. दरम्यान किमती दहापटीहून जास्त वाढल्या. म्हणजे आज मी जे २५०० भरतो त्यांची किंमत १९८८ च्या अडीचशे रुपयांइतकीही उरलेली नाही. कुठल्याही अर्थमंत्र्याने भाषण केलं नाही, बाकं वाजली नाहीत, आणि हा कर नव्वद टक्क्यांनी कमी झाला. पंधरा हजार पगाराच्या सिक्युरिटी गार्डलाही वर्षाला २५०० आणि माझ्या कंपनीच्या सीईओलाही २५००. महिलांना राज्याने २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत सूट दिली, एवढाच काय तो बदल.

चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १२,००० करावी असं सुचवलं होतं, पंधराव्याने १८,०००. त्यासाठी घटनादुरुस्ती लागते. ती कुणी पुढे रेटलेली नाही आणि मला त्यात आश्चर्य वाटत नाही. पगारातून थेट दिसणारा कर वाढवून मतं मिळत नाहीत. करसवलतीच्या घोषणेला मात्र मतंही असतात आणि हेडलाइनही. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला तेव्हा सरकारनेच सांगितलं, की वर्षाला १.४५ लाख कोटींचं उत्पन्न सोडतोय. फेब्रुवारी २०२५ मध्ये बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं तेव्हा सोडलेली रक्कम होती सुमारे एक लाख कोटी. त्याच अर्थसंकल्पात देशभरच्या ग्रामीण रोजगार हमीसाठी तरतूद होती ८६,००० कोटींची. हे तीन आकडे मी कुठल्या भाषणात एका वाक्यात ऐकलेले नाहीत. ते शेजारी ठेवल्यावर पहिली कपात लगेच वाईट ठरते असंही नाही. १९७४ ची कपात शहाणपणाची होती हे वर म्हटलंच आहे. पण तिथे निदान वांच्छू समितीने कपात का करायची, त्यातून काय साधायचं हे आधी लिहून ठेवलं होतं. २०१९ च्या कपातीतून खाजगी गुंतवणूक धो-धो वाढेल असं सांगितलं गेलं होतं आणि तो धबधबा आजही शोधावा लागतो.

बारा लाख कमावणाऱ्याचे २०२५ च्या बदलाने वर्षाला ऐंशी हजार वाचले. आमच्या टीममध्ये त्या दिवशी पार्टी झाली, मीही गेलो होतो. व्यवसाय कराची मर्यादा वित्त आयोगाने सांगितल्याप्रमाणे वाढली, तर त्याच माणसाचे फार तर साडेपंधरा हजार जास्तीचे जातील, महिन्याला तेराशेच्या आत. मी हा हिशेब ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर आलं, “आणि ते रोजगार हमीवरच जातील याची गॅरंटी कोण देणार?”

१९७७ च्या कायद्यात ती गॅरंटी निदान लिहिलेली होती. एक रुपया तुमचा, एक सरकारचा, आणि काम मागणाऱ्याला नकार दिला तर दंड सरकारला. मी ग्रुपवर त्या कायद्याची पीडीएफ टाकली आहे. दोघांनी उघडली.